मिस्त्री, वाढवा!

आमच्या सूनबाईंनी कपडे धुवायचं मशीन घेतलं, त्याला आता वर्ष होईल. मशीनबरोबर एक पुस्तिका आली. तिच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, 'तंत्रज्ञास पाचारण करण्यापूर्वी खालील बाबी तपासाव्यात.' पाणी येतंय का, नळी दुमडली आहे का, कपडे एकाच बाजूला गोळा झालेत का, साबण जास्त पडलाय का. मी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं आणि म्हटलं, च्यायला, हे तर माझंच आहे! युद्धाच्या काळात नगरला एका भिंतीवर मी हेच डांबरानं लिहून ठेवलं होतं, आणि भिंत खराब केली म्हणून कारकुनाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. सूनबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काहीतरीच काय अब्बा! तेव्हा कुठं होती असली मशीनं?"

होती. नगरच्या छावणीला लागून, भिंगारच्या बाजूला, एका ठेकेदारानं पत्र्याची लांबलचक शेड मारली होती. सोल्जरांचे कपडे, चादरी, ब्लँकेटं, मेसमधली टेबलावरची कापडं, सगळं तिथं धुवायला यायचं. शेडमध्ये दोन मोठी मशीनं होती. बाहेरून लाकडी पिंप आडवं पाडलेलं, आणि त्याच्या आत भोकाभोकांचं पितळी पिंप. आतलं पिंप चार फेरे इकडं घ्यायचं, चार फेरे तिकडं घ्यायचं, आणि कपडे आतल्या आत आपटत राहायचे. परीट दगडावर जे करतो तेच, फक्त तोंडानं काही न बोलता. फिरवायला बाहेर ऑइल इंजिन होतं. इंजिनापासून वर छताखाली एक लांब दांडा, आणि दांड्यावरून खाली मशीनवर येणारे चामड्याचे पट्टे. पाणी तापवायला बॉयलरची वाफ नळीनं सरळ पिंपात सोडायची. त्या वाफेचा कॉक माझ्या हातात असायचा. तिसरं मशीन पिळायचं. उभं पिंप, गरगर फिरून कपड्यांतलं पाणी बाहेर फेकणारं. शेडमधल्या बायकांनी तिघांची नावं ठेवली होती. मोठी दोन म्हणजे थोरली आणि धाकटी, आणि पिळणारं ते भोवरा.

मी तिथला मिस्त्री. चोवीस वर्षांचा होतो, त्याआधी जिनिंगमध्ये ऑइल इंजिन चालवलेलं. कपड्यातलं मला शून्य कळत होतं. कपड्यातलं कळायचं ठकूबाईला. ठकूबाई भिंगारची परटीण, वयानं पन्नाशीकडं झुकलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शेडमधल्या सगळ्या बायका तिच्या हाताखाली. ठेकेदारानं आवारातच तिला राहायला एक खोली दिली होती. पाणी किती तापलं ते ती कोपर बुडवून सांगायची, आणि आमच्याकडं एक काचेचा थर्मामीटर होता तो नेहमी तिच्यापुढं चुकायचा. ती मला मिस्त्री म्हणायची, मी तिला मावशी.

तिसरे आमचे नाना. कारकून. वही, रूळ, पान आणि इंग्रजी, एवढा त्यांचा संसार. मशीन जरा घरघरलं की नाना मुंबईला तार ठोकायचे. मग तीन दिवसांनी मशीनवाल्यांचा माणूस हॅट घालून यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा थोरली फिरत नव्हती. त्यानं हॅट काढली, वर बघितलं, पट्टा चाकावरून घसरला होता तो दोन बोटांनी सरकवून जागेवर बसवला, हॅट घातली, कोंबडी खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. वर बघायचं मला का सुचू नये? तर मी आत बघत होतो. मिस्त्री लोकांची ही जुनी खोड. बिघाड म्हटला की पोटात शिरायचं.

दुसऱ्यांदा धाकटीतलं पाणी जाईना. मी नळी सोडवली, झडप उघडली, दीड दिवस उताणा पडून होतो. पुन्हा तार, पुन्हा हॅट. त्या माणसानं बाहेर जायच्या भोकात हात घातला आणि एक मोजा काढला. खाकी, लोकरीचा, अंगठ्याला भोक पडलेला. तो मोजा त्यानं माझ्या हातात असा ठेवला की जणू तो मीच गिळला होता. त्या दिवशी मी ठरवलं, हा माणूस नगरला पुन्हा कोंबडी खाणार नाही.

तेव्हा भिंतीवर लिहायला सुरुवात केली. पाणी येतं का? पाणी जातं का? भोकात हात घाल. पट्टा चाकावर आहे का? वर बघ. असं करत करत ती यादी वाढत गेली. प्रत्येक ओळ म्हणजे माझी एकेक फजिती होती.

भोवऱ्याची ओळ ठकूबाईची. एक दिवस भोवरा नाचायला लागला. नुसता थरथरला नाही, बोल्ट उपटून चालायला लागला. नाना वही घेऊन भिंतीशी उभे होते. भोवरा सरकत सरकत त्यांच्यापर्यंत गेला आणि त्यांना पोटाशी दाबून धरून थांबला. नाना 'मिस्त्री! मिस्त्री!' करून बोंबलत होते, आणि बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मी पट्टा काढला, नानांना मोकळं केलं, मग भोवऱ्याच्या खालचं सगळं उकललं. बेअरिंग ठीक. दांडा सरळ. मी घाम पुसत बसलो, तर ठकूबाई म्हणाली, "अवो मिस्त्री, दुखनं त्याचं न्हाई. ज्यानं भरलं त्याचं हाय."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हंजी काय? समद्या ओल्या चादरी एका अंगाला कोंबल्यात त्या येडीनं. माझ्या डोक्यावर एका बाजूला घागर दिली आन् दुसऱ्या बाजूला काईच न्हाई दिलं, तर मी बी नानांच्या अंगावर जाईन का न्हाई?"

नाना म्हणाले, "काहीतरी बोलू नकोस!" पण भिंतीवर ओळ आली. कपडे सगळीकडून सारखे आहेत का?

साबणाची ओळ नानांची. एकदा साबणाचा नवा माल आला, पातळ चुरा, डब्यावर इंग्रजी. नानांनी वाचून सांगितलं की भरपूर टाका, सरकारी माल आहे, हात आखडू नका. अर्ध्या तासात थोरलीच्या दारातून फेस यायला लागला. आधी टोपलीभर, मग गाडीभर. नाना तो थांबवायला पुढं गेले आणि कमरेपर्यंत नाहीसे झाले. त्यांचं धोतर इतकं स्वच्छ पुन्हा कधी दिसलं नाही.

माझं नाव छावणीत झालं ते मात्र दुसऱ्याच मशीनमुळं. ऑफिसरांच्या मेसमध्ये कुठूनतरी भांडी धुवायचं यंत्र आलं होतं. पत्र्याची पेटी, आत ताटल्या उभ्या करायच्या, खालून गरम पाण्याच्या धारा उडायच्या. महिन्यात दोनदा धारा बंद पडायच्या. मला बोलावलं. मी नळ्या सोडवल्या तर आत राख आणि नारळाचा काथ्या! मेसचा खानसामा बडेमियाँ म्हणून एक बुजुर्ग होते. मी विचारलं, "बडेमियाँ, मशीनमध्ये राख कशी?"

ते म्हणाले, "मियाँ, जूठे बर्तन मशीन में डालतूँ क्या मैं? साब की मशीन खराब हो जाती ना! पहले राख से माँज लेतूँ, फिर डालतूँ."

म्हणजे भांडी ते हातानं घासायचे आणि मग साहेबाला बरं वाटावं म्हणून मशीनमधून फिरवून आणायचे. मी त्यांना म्हटलं, मग निदान माँजल्यावर धूत जा. ते म्हणाले, "धोने को तो मशीन है ना!"

असे दिवस मजेत चालले होते. मुंबईला तार जाऊन आठ महिने झाले होते. मी स्वतःवर फार खूश होतो. लोकांना सांगत सुटायचो, मशीन कधी खोटं बोलत नाही, बिघाड बहुतेक हाताचा असतो, आधी हात बघा. फार शहाणपणा करायचो. त्याची फेड दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाली.

बेचाळीसच्या पुढचं वर्ष. आदल्या वर्षीची धामधूम अजून निवली नव्हती. कुठं तार तुटली, कुठं रूळ उखडला, की छावणीत कोणाकडंही संशयानं बघायचे. आमच्या शेडवर देखरेखीला एक गोरा सार्जंट होता. त्याला काहीतरी नाव होतं, पण उन्हानं त्याचं तोंड लाल व्हायचं म्हणून बायका त्याला टमाटा म्हणायच्या. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला सगळ्या गोष्टी कागदावर लागायच्या.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. बायकांनी सकाळीच थोरली-धाकटीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. माझे पाने आणि हातोडाही पाटावर मांडले. मुसलमानाच्या पान्याला हळदकुंकू लागलं म्हणून पाना काही कमी आवळत नाही, तेव्हा मी खुशीत होतो. मग मी बाहेर इंजिन चालू करायला गेलो. तेवढ्यात आत ठकूबाईनं बायकांना बजावलं होतं, "आज हिला बंद म्हनायचं न्हाई बरं का. लक्ष्मी हाय ती आज." हे मला नंतर कळलं. तेव्हा मी इंजिनाशी झटत होतो.

सण असला तरी काम थांबत नव्हतं. थंडी तोंडावर आली होती आणि नव्या पलटणीची लोकरी ब्लँकेटं दुसऱ्या दिवशी हवी होती. लोकर फार नाजूक प्रकरण. पाणी नुसतं कोमट हवं. जास्त तापलं आणि वर आपटाआपट झाली की लोकर आक्रसते, घट्ट होते, आणि मग कोणी कितीही ओढा, ती परत पहिल्यासारखी होत नाही. म्हणून थोरलीत वाफ अगदी थोडी सोडायची आणि ठकूबाईनं हात केला की कॉक बंद करायचा, असा आमचा रिवाज. मी कॉकाशी उभा होतो. वरून पट्ट्यांचा फटफट आवाज, बाहेर इंजिनाचा धडधडाट. ठकूबाईनं कोपर बुडवलं, मान डोलावली आणि ओरडली, "मिस्त्री, वाढवा!"

मी कॉक पूर्ण उघडला.

ती पाठ फिरवून वाळवणीच्या दोऱ्या मोकळ्या करायला बाहेर गेली. पाव तासानं मी थोरली थांबवली. बायकांनी दार उघडून पहिलं ब्लँकेट ओढलं. ते पूर्ण बाहेर आलं तरी आम्ही पुढचं ओढायला हात लांब करूनच उभे होतो, कारण पुढचं नव्हतंच. पलंगभर ब्लँकेटाचं बसायचं आसन झालं होतं, आणि जाड इतकं की पायताण शिवावं. सगळीच तशी. पलटणीनं पूजेला बसायचं ठरवलं असतं तर कुणाला काही कमी पडलं नसतं.

ठकूबाई आत आली आणि तिनं कपाळाला हात लावला. "आरं द्येवा! वाफ कुनी सोडली येवढी?"

"मावशी, तुम्हीच म्हणालात. वाढवा म्हणून."

"व्हय! वाढवा म्हनले मी! मंग?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मला कळलं. नारळ वाढवणं म्हणजे फोडणं. दुकान वाढवणं म्हणजे फळ्या लावून घरी जाणं. बांगडी वाढली म्हणजे फुटली. शुभ वस्तूला फुटली, संपली, बंद झाली असं म्हणायचं नाही, म्हणून उलटं म्हणायचं. हे मला कोणी शिकवायला पाहिजे होतं असं नाही. मी नगरातच जन्मलो, नगरातच वाढलो. पण हातात कॉक होता आणि कानात इंजिन होतं, आणि मी मिस्त्री होतो. मिस्त्रीच्या भाषेत वाढवा म्हणजे वाढवा.

दुपारी सार्जंट आला. नानांनी खुर्ची दिली. टमाट्यानं ती आसनं बघितली, एक हातात घेऊन वाकवायचा प्रयत्न केला, ते वाकेना. मग त्यानं कागद काढला. बाईनं काय हुकूम दिला, असं त्यानं विचारलं. नानांनी ठकूबाईला विचारलं. ती म्हणाली, "मी वाढवा म्हनले. म्हंजी बंद करा म्हनले."

आता नाना भिडले. मला आजही वाटतं, त्या दिवशी नानांइतका जीव तोडून कोणीच बोललं नसेल. "सर, वाढवा मीन्स इन्क्रीज. बट टुडे, सर, इन्क्रीज मीन्स स्टॉप."

"टुडे?"

"फेस्टिवल, सर. ऑन फेस्टिवल वुई डू नॉट स्टॉप लक्ष्मी. वुई इन्क्रीज हर."

"हू इज लक्ष्मी?"

"द मशीन, सर."

सार्जंटचं तोंड टमाट्याच्याही पुढं गेलं. आपली टिंगल चाललीय अशी त्याची खात्री झाली. तो खुर्चीतून उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वाफेचा कॉक माझ्या नावावर होता. त्याच्या कागदावर एक इंग्रजी शब्द होता, तो मला वाचता येत होता, कारण गेल्या वर्षभरात तो छावणीतल्या सगळ्यांना वाचता यायला लागला होता. सॅबोटाज, म्हणजे घातपात. तो शब्द कोणाच्यातरी नावापुढं लागणार होता. नानांनी मला मराठीत विचारलं, "हसन, साहेब विचारतात, बाई जे म्हणाली त्याचा अर्थ तुझ्या समजुतीनं काय?"

मी म्हणालो, "वाढवा म्हणजे वाढवा."

ठकूबाई माझ्याकडं बघत होती. रडली नाही, भांडली नाही. सार्जंटनं लिहून टाकलं. बाईचं काम आजपासून बंद, खोली उद्या संध्याकाळपर्यंत खाली करायची, आणि कागद उद्या सकाळी पुढं पोलिसांकडं जाणार. सही उद्या करीन म्हणाला, कारण त्याचं पेन चालेना. त्या पेनानं आम्हां दोघांवर उपकार केले.

घरी गेलो. अम्मीनं दस्तरखानाचं कापड अंथरून जेवायला वाढलं. मी ताटाकडं बघत बसलो. ती दोनदा म्हणाली खा, मग वैतागली. "खाता नै तो दस्तरखान बढ़ाऊँ क्या?"

मी तिच्याकडं बघतच राहिलो. "क्या बोली अम्मी?"

"दस्तरखान बढ़ाऊँ क्या बोली! समेटूँ क्या! बहरा हुआ क्या मशीन में?"

घ्या! माझ्या घरात, माझ्या आईच्या तोंडी, रोज दोन वेळा. हा शब्द मला समजला नाही असं म्हणायला आता अल्लासमोरही तोंड नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. अम्मीनं ऐकून घेतलं आणि पुढ्यातलं ताट उचलून नेलं. जाता जाता म्हणाली, "उस औरत का चूल्हा बुझा के आया, और मेरे चूल्हे का खाने बैठा. शरम कर." त्या रात्री मी उपाशी राहिलो, आणि मला सांगायला हरकत नाही, भूक लागली होती.

सकाळी, दसऱ्याच्या दिवशी, बाजारातून पाच नारळ घेतले आणि पिशवी खांद्याला लावून शेडवर गेलो. सार्जंट कागदावर सही करायला आला होता. ठकूबाई खोलीसमोर आपली भांडी पोत्यात भरत होती. मी नानांना म्हणालो, "साहेबाला सांगा, बिघाड शोधायचा तर मशीन आधी चालवून बघावं लागतं. शब्दाचंही तसंच. एकदा चालवून बघू द्या."

नानांनी काय सांगितलं कोण जाणे, पण टमाटा थांबला. मी पहिला नारळ फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या हातात दिला आणि साहेबाला म्हणालो, "तुम्हीच सांगा त्याला. म्हणा, वाढव."

साहेब म्हणाला, "वारव!"

पहारेकऱ्याला काही कळेना. मी म्हणालो, "साहेब, ढ. ढगाचा ढ." साहेबानं गळा साफ केला. "वाढव!" पहारेकऱ्यानं नारळ पायरीवर आपटून दोन भकलं केली आणि सलाम ठोकला.

दुसरा नारळ एका बाईला. "वाढव!" फटाक. तिसरा बडेमियाँला. ते मेसची कापडं घेऊन आले होते. मी मुद्दाम त्यांनाच दिला, म्हणजे ही फक्त देवळातली भानगड नाही हे साहेबाला दिसावं. "बढ़ाओ!" मी म्हणालो. बडेमियाँनी फोडला आणि खोबरं खिशात टाकलं. चौथा नानांनी फोडला, आणि फोडताना बोट ठेचून घेतलं. पाचवा साहेबानं स्वतःच हातात घेतला, स्वतःलाच 'वाढव' म्हणाला आणि दगडावर हाणला. पाणी त्याच्या बुटांवर उडालं. तो पहिल्यांदाच हसला. पाचातला एकही नारळ मोठा झाला नव्हता.

मग हसू आवरून तो माझ्याकडं वळला. नाना म्हणाले, "साहेब विचारतात, हे तुला काल ठाऊक होतं का?"

"होतं."

"मग काल काय म्हणालास?"

"खोटं बोललो म्हणून सांगा."

नाना माझ्याजवळ सरकले. हळूच म्हणाले, "हसन, जरा दुसरं काही सांगतो. इंजिनाचा आवाज होता, ऐकू आलं नाही असं..."

"नाना, जसं आहे तसं सांगा."

नानांनी आयुष्यातलं सगळ्यात छोटं इंग्रजी वाक्य उच्चारलं. "ही लाइड, सर."

सार्जंटनं कागद फाडला. 'वाढवा म्हणजे बंद करा' हे वरच्या साहेबाला इंग्रजीत लिहून पाठवायची त्याची छाती नव्हती, म्हणून पोलिसांचंही टळलं. ठकूबाई कामावर राहिली, खोलीत राहिली. मला त्यानं जे सांगितलं त्याचं भाषांतर नानांना करावं लागलं नाही. त्याचा हात फाटकाकडं होता.

मी माझे पाने पिशवीत भरले. हळदकुंकू अजून लागलेलं होतं. फाटकाशी ठकूबाई उभी होती. तिच्या हातात नारळाचं भकल होतं, ते तिनं माझ्या हातात कोंबलं. "घ्या. परसाद हाय."

मी घेतलं.

"काल का न्हाई बोलला?" ती म्हणाली.

"भ्यालो होतो मावशी."

"आन् मी? मी न्हाई भ्याले व्हय?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही, आणि आम्ही दोघंही नारळाकडं बघत होतो. मी म्हणालो, "जातो मावशी."

"जातो काय म्हनता? सनाचा दिवस हाय. येतो म्हना."

"येतो," मी म्हणालो.

पुढं कोपरगावकडं साखर कारखान्यात लागलो. तिथं सगळं मोठंच. बॉयलर मोठे, कॉक मोठे, शिव्याही मोठ्या. लग्न झालं, मुलं झाली. युद्ध संपून काही वर्षं झाल्यावर श्रीरामपूरच्या स्टेशनात नाना भेटले. बाकावर बसून पान लावत होते. शेडचं काय झालं विचारलं तर म्हणाले, कधीच कुलूप लागलं, मशीनं भंगारात गेली. ठकूबाईचं विचारलं. नाना म्हणाले, "काय सांगू तुला! ठेकेदारानं तुझ्या जागी दोन मिस्त्री आणून बघितले. दोघांना तिनं टिकू दिलं नाही. वाचता येत नव्हतं तरी तुझी ती भिंत तोंडपाठ केली होती. पट्टा बघायची, भोकात हात घालायची, कॉकाशी स्वतः उभी राहायची. कुलूप लागलं त्या दिवसापर्यंत. कोणी काही बोललं की म्हणायची, आमचा मिस्त्री येतो म्हनून गेलाय."

मी म्हणालो, "अहो नाना, जाताना सगळेच येतो म्हणतात!"

"ते तिलाही ठाऊक होतं," नाना म्हणाले.

त्यांची गाडी आली, ते गेले. कोपरगावाहून नगर म्हणजे आगगाडीनं निम्म्या दिवसाचा रस्ता. अम्मीला भेटायला जायचो, पण इतक्या वर्षांत भिंगारच्या त्या फाटकाशी मी एकदाही गेलो नव्हतो.